बाई, तुम्ही हाताची घडी सोडलीत

बाई, मंगळवारी मी येणारच होते. भडंग घेऊन, तुमच्यासाठी बिनलसणाचं वेगळं बांधून. फोनवर तुम्ही म्हणाला होतात, "ये गं वंदना. मला एक मुद्दा सापडलाय. ह्या वेळी तुझी बोलती बंद होते की नाही बघ." आणि सोमवारी सकाळी तुमच्या सुनेचा फोन आला. मी पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात आणलं होतं, बायका भोवती बसल्या होत्या. तेवढ्या गर्दीतही मला वाटत होतं, तुम्ही उठून बसाल आणि म्हणाल, "थांबा जरा, हिला एक सांगायचं राहिलंय."

मुद्दा घेऊनच गेलात. असं कुणी करतं का?

आपलं भांडण सगळ्या शाळेला पाठ होतं. कर्णबधिर मुलांची आपली ही सांगलीची शाळा, तुम्ही तिथल्या सगळ्यात ज्येष्ठ शिक्षिका आणि मी तुमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेली. ज्याला ऐकू येत नाही त्या मुलानं बोलायचं कशानं, तोंडानं की हातानं? तुम्ही म्हणायचात, तोंडानं. जग तोंडानं बोलतं. एसटीचा कंडक्टर तोंडानं बोलतो, तलाठी तोंडानं बोलतो, दुकानदार तोंडानं बोलतो. पोराला हातवारे शिकवले की ते कायमचं स्वतःसारख्यांतच राहिलं म्हणून समजा. मी म्हणायची, हातानं. डोळ्यांना जे दिसतं ते त्यांचं हक्काचं, आणि ऐकूच न येणारा आवाज त्यांनी उसना का आणायचा? मधल्या सुट्टीत सुरू झालेलं हे भांडण आपण शाळा सुटल्यावर रिक्षाच्या थांब्यापर्यंत न्यायचो. तिथं तुम्ही "उद्या बोलू" म्हणून रिक्षात बसायचात आणि रिक्षा हलताना आणखी एक वाक्य फेकायचात, म्हणजे मला उत्तर देता येऊ नये.

तुमच्या वर्गाचा पहिला नियम हाताची घडी. दुसरा नियम, बाईंच्या तोंडाकडे बघायचं. मग एकेकाला जवळ घेऊन त्याचा तळवा तुम्ही आपल्या गळ्यावर ठेवायचात. "आ" म्हटलं की गळा थरथरतो आणि ती थरथर पोराच्या हातात जाते. मग त्याचाच दुसरा हात त्याच्या गळ्यावर. आता तू. "प" म्हणताना तोंडासमोर धरलेली कागदाची पट्टी हलली पाहिजे, "म" म्हणताना नाकाला लावलेल्या बोटाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. एक अक्षर यायला कधी महिना लागायचा, कधी अख्खं वर्ष. संध्याकाळपर्यंत तुमच्या गळ्यावर खडूचे, शाईचे, पेरूचे ठसे उमटलेले असायचे. तुम्ही ते पुसतही नव्हता, तशाच रिक्षात बसायचात.

ह्या पद्धतीला मी नावं ठेवायची, पण पूर्ण जोर लावून कधी ठेवता आली नाहीत. कारण माझा थोरला भाऊ संपत तुमचा विद्यार्थी. तुमच्या उमेदीच्या काळातला. मी तेव्हा लहान होते, आम्ही कराडजवळ राहायचो. तो दिवाळीच्या सुट्टीला घरी आला, चुलीपाशी आईच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई." जाड आवाज, थोडा नाकातला, पण "आई"च. आईनं वळूनसुद्धा बघितलं नाही पहिल्यांदा, तिला वाटलं मीच हाक मारली. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली. ती करपलेली भाकरी आम्ही सगळ्यांनी तुकडे करून वाटून खाल्ली, प्रसाद खावा तशी. आणि तोच संपत आज कुपवाडला कारखान्यात मशीनवर आहे, मित्रांशी, बायकोशी, पोरांशी दिवसभर हातानं बोलतो आणि फक्त आईला हाक मारायची असली की तोंड उघडतो. म्हणजे बघा, तुमचाही पुरावा तोच आणि माझाही पुरावा तोच. असलं भांडण मिटणार कसं?

मग ती साथ आली. वसतिगृह लगेच रिकामं करा, असा निरोप आला. कुणाचा बाप मोटरसायकलवर आला, कुणाचा मामा टेम्पो घेऊन. शिराळ्याच्या दोघांना मिळेल त्या एसटीत बसवलं. आपल्याला घाई इतकी की पोरांना काय झालंय ते सांगायचंच राहिलं. ऐकणाऱ्या मुलाला वाटेत कळतं. टीव्ही सांगतो, शेजारीण सांगते, बाप फोनवर बोलताना कानावर पडतं. आपल्या पोरांना कोण सांगणार? तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली आणि त्यांना घेऊन गेली, एवढंच त्यांना दिसलं. ओठ वाचायला तुम्ही जन्मभर शिकवलंत आणि नेमके सगळ्या जगाचे ओठ झाकले गेले.

वर्ग आता फोनवर घ्यायचे असं ठरलं तेव्हा तुमच्या मुलानं तुम्हाला मोठा फोन आणून दिला. पहिल्या तासाची आठवण झाली की मला अजून हसू येतं. मी माझ्या घरातून त्याच कॉलवर होते, मदतनीस म्हणून. तुम्ही सवयीनं पोराला जवळ घ्यावं तसा फोन जवळ ओढलात आणि कॅमेरा गळ्याला लावलात. सगळ्या घरांत पडद्यावर काय दिसलं, तर काळे मणी आणि एक तीळ. तुम्ही जीव तोडून "आ" म्हणताय. तिकडं पालकांना वाटलं, पोराला ऐकू येत नाही म्हणूनच बाई एवढ्या ओरडतायत. त्यांनी बिचाऱ्यांनी फोनचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि फोन पोराच्या कानातल्या मशीनलाच चिकटवला. श्रवणयंत्राला असं काही भिडवलं की ते शिट्टी मारतं. एका घरातून शिट्टी, दुसऱ्या घरातून शिट्टी, कुणाच्या तरी अंगणात कुत्रं भुंकायला लागलं, आणि पोरं शांत, कारण त्यांना ह्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तुम्ही घामाघूम. "वंदना, हे काय चाललंय गं? एसटी स्टँड आहे का हा?"

मी पोट धरून हसले. तुम्ही हसला नाहीत. कॉल संपल्यावर मला परत फोन केलात आणि म्हणालात, "काचेतनं थरथर जात नाही गं." भांडायला आलेलं माणूस असं एकदम हत्यार खाली ठेवतं तेव्हा समोरच्यानं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्हाला शोभाचा व्हिडिओ कॉल आला आणि तुम्ही मलाही त्यात जोडून घेतलंत. कोमलची आई. त्यांचं घर तासगावच्या पुढं द्राक्षबागेत. नवरा आनंदा फौजेत हवालदार, सुट्टीवर आला आणि टाळेबंदीत घरीच अडकला. कोमल तेव्हा नऊ वर्षांची असेल. वर्गातली सगळ्यात चुळबुळी, आणि म्हणून तुमची सगळ्यात जास्त बोलणी खाणारी.

"बाई, पोरगी सकाळ झाली की दप्तर घिऊन दारात बसतीया," शोभा सांगत होती. "हाताची घडी घालून. जेवाय बोलावलं तरी घडी सोडंना. मीच भरवतीया घास. दीस मावळला की आत येतीया, आन् सकाळी परत तेच. डोळं नुसतं रस्त्याकडं. काय झालंय काय समजंना बगा."

"घडी? घरातसुद्धा?" तुम्ही विचारलंत.

"घरातबी. आमी काय विचारायचं तिला, आन् कसं विचारायचं? आमाला कुटं येतंय तिच्यासंगं बोलाय? ते समदं शाळंत हुतं."

मग तिनं फोन कोमलकडे वळवला. पोरगी उंबऱ्यावर ताठ बसली होती. पडद्यावर तुम्ही दिसलात मात्र, तिनं पाठ आणखी ताठ केली आणि घडी अशी आवळली की बोटं दंडात रुतली. शाबासकीची वाट बघत असावी तसा चेहरा.

मला तुमच्या आधी कळलं. वसतिगृह रिकामं झालं त्याच्या आदल्या दिवशी ती वर्गात मैत्रिणीला हातानं काहीतरी सांगताना तुम्हाला सापडली होती. तुम्ही तिला दारापाशी घडी घालून उभी केलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आले आणि तिला घेऊन गेले. तिनं आपल्या डोक्यानं हिशेब लावला. हात हलवले म्हणून बाईंनी हाकलून दिलं. आता घडी नीट घातली तर न्यायला येतील.

तुम्हाला कळलं ते मला दिसलं. शोभा तिकडून "हॅलो, हॅलो, रेंज गेली काय वं?" करत राहिली. रेंज चांगली होती.

त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत तुमचा फोन आला. दिवस मावळायच्या आधी जेवण उरकायची तुमची रीत, म्हणजे त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात असायला हव्या होतात. "मला शिकव," म्हणालात. "शाळा आजारामुळे बंद आहे, तुझी चूक नाही. एवढं हातानं कसं सांगायचं ते दाखव. एवढंच हं. बाकी तुझी सगळी भाषा माझ्या गळ्यात घालू नकोस."

बाई, मी आजवर पुष्कळ मुलांना शिकवलं. तुमच्याइतका नाठाळ विद्यार्थी मला मिळाला नाही. दोघी सांगलीतच, पण मध्ये पोलिसांचे अडसर, म्हणून शिकवणी फोनवर. तुमची बोटं वळायची नाहीत. वळली तर भलतीकडेच. आणि सगळ्यात अवघड तुमचा चेहरा. हाताच्या भाषेत चेहराही बोलतो, हे तुम्हाला पटेना. तुम्ही "तुझी चूक नाही" असं करत होतात आणि कपाळावर आठ्या.

"बाई, चेहरा सैल करा. नाहीतर 'चूक तुझीच आहे' असं दिसतंय."

"माझा चेहरा असाच आहे."

"मग बदला."

"ह्या वयात?" म्हणालात. आणि मग आरसा घेऊन बसलात. तोच आरसा, ज्याच्यासमोर तुम्ही पोरांकडून ओठांचे आकार करून घ्यायचात. तुमची सून नंतर मला सांगत होती, आई एकट्याच आरशासमोर हसायच्या, मला वाटलं टाळेबंदी त्यांच्या डोक्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण शोभाला कॉल लावला. तुम्ही फोन कपाटाला टेकवून लांब उभ्या राहिलात, कमरेपर्यंत दिसाल अशा. कोमल उंबऱ्यावर घडी घालून. तुम्ही हात वर केलेत. शाळा. आजार. बंद. सगळ्यांची शाळा बंद. मग तिच्याकडे बोट, चूक, नाही. बोटं थोडी अडखळली, पण चेहरा बरोबर होता, बाई. चेहरा अगदी बरोबर होता.

कोमलनं आधी मागं वळून बघितलं. मग आईकडं. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या माझ्या चौकोनाकडं. खरं का? मी मान हलवली. तिनं घडी सोडली, हळूच, एक हात, मग दुसरा. आणि मग काही विचारलं, इतक्या भरभर की तुमच्या डोळ्यांना ते सापडेना.

"काय म्हणतेय गं?" तुम्ही मला विचारलंत.

मला सांगवत नव्हतं. "विचारतेय, बाई, तुम्हालापण घडीची शिक्षा होती का?"

तुम्ही पदरानं तोंड पुसलंत. "हो म्हणून सांग," म्हणालात. मी हात उचलले, तर मला थांबवलंत. "नको. हो कसं म्हणायचं ते मला येतं." आणि मूठ करून मान डोलवावी तशी ती हलवलीत.

त्या एका "हो"साठी मी तुमच्या सगळ्या जुन्या वाक्यांना माफ केलं, अगदी चालत्या रिक्षातून फेकलेल्या वाक्यांनासुद्धा. त्या वेळी हे सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "माफ करणारी तू कोण?" आणि पुढचा आठवडा त्यावर गेला असता.

तिथून सगळं सुरू झालं. एकट्या पोरीला सांगून काय उपयोग, घरात कुणी बोलणारंच नसेल तर, हे तुमचं म्हणणं. आईबापांचा वर्ग घ्यायचा तो तुमचाच हट्ट. माणसं रानातून परत यायची दिवस बुडाल्यावर, म्हणून तुम्ही लवकर जेवून, तोंड धुऊन, केस विंचरून फोनसमोर बसायचात. शाळा उघडी असताना जे आपल्याला कधी जमलं नाही ते त्या बंद शाळेत झालं. पोरांच्या आया, आज्या, एक आत्या, सगळ्या शिकायला बसल्या. हात मी शिकवायचे. आणि गळा तुम्ही. हो, गळा तुम्ही सोडला नव्हता, हे मी लिहिलं नाही तर तुम्ही मला वरून गप्प बसू देणार नाही.

"शोभा, तिचा हात तुझ्या गळ्यावर ठेव," तुम्ही म्हणालात.

"माज्या? मी कुटं बाई हाय?"

"तू आई आहेस ना? चालतंय की."

शोभा इतकी लाजली की "आ" म्हणायच्या ऐवजी हसतच सुटली. कोमलचा तळवा तिच्या गळ्यावर. आईचं हसणं आधी पोरीच्या हातात गेलं आणि मग पोरगी हसायला लागली. तुम्ही मला म्हणालात, "बघ. काचेतनं जात नव्हतं ना? मी वाट चुकीची धरली होती. वाट ह्यांच्या गळ्यातनं होती." आयुष्यभराचा आपला गळा तुम्ही त्या बायकांच्या हवाली केलात, आणि त्याचं दुःख करायच्या ऐवजी मुलीला चांगलं घर मिळाल्यासारख्या खूश होऊन बसलात.

शब्द कमी पडायला लागले ते आठवतं? आपल्या पुस्तकांत सफरचंद, हत्ती, विमान. त्या घरांत लागत होतं बेदाणा, फवारणी, वैरण, मोटार चालू कर. शाळेनं कधी ह्या शब्दांना हात दिलेच नव्हते. मग पोरांनीच दिले. बेदाण्यासाठी कोमलनं चिमटीत देठ मोडल्यासारखं केलं आणि नाक आक्रसून सुरकुत्या पाडल्या. तुम्हाला तो शब्द इतका आवडला की तुम्ही दिवसभर तो करून दाखवायचात. चहात साखर जास्त झाली तरी बेदाणा.

आणि मग आनंदा. बरेच दिवस तो नुसता मागं खाटेवर बसलेला दिसायचा, तोंड वळवून. एक दिवस उठून पुढं आला.

"बाई, रागावू नगा. तुमचं शिकवणं लय चांगलं हाय. पन ही हातवारी तेवढी बंद करा. रस्त्यानं जाणारी बगत्यात, हसत्यात. पोरगी मुकी हाय ह्याचा डांगोरा कशाला? तोंडानं यील तेवढं यील. जग काय हातानं बोलत न्हाई."

मी पटकन तुमच्या चौकोनाकडं बघितलं. कारण, बाई, हे तुमचंच वाक्य होतं. शब्दाला शब्द. रिक्षाच्या थांब्यावर मी ते किती वेळा ऐकलं होतं. आता तुम्ही म्हणाल "बरोबर आहे हो तुमचं", आणि आपली एवढी मेहनत पाण्यात.

"पहिलं म्हणजे मुकी म्हणायचं नाही," तुम्ही म्हणालात. "मुकं जनावर असतं. आणि हवालदार, मला एक सांगा. तुम्ही गस्तीला जाता?"

"जातो की."

"तिथं आपसात बोलता?"

"छ्या! तितं आवाज केला तर संपलंच."

"मग पुढच्याला थांब म्हणून कसं सांगता?"

आनंदानं हात वर करून मूठ आवळली.

"बस म्हणून?"

तळवा खाली दाबला.

"पुढं चला?"

त्यानं हात पुढं झुकवला. आणि त्याच्या शेजारी उभी राहून कोमल एकेक करून तेच करत होती. मूठ, तळवा, पुढं चला. तिला सगळं कळत होतं. बापाचं पहिल्यांदाच सगळं कळत होतं. आनंदानं खाली बघितलं तर पोरगी मूठ आवळून त्याला थांबवून उभी.

"हे करताना लाज वाटते?" तुम्ही विचारलंत.

"ती ड्यूटी हाय, बाई."

"मग पोरीशी बोलणं ही कुठली सुट्टी आहे?"

त्यानं पोरीच्या मुठीकडं बघितलं. मग "व्हय" म्हणाला, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून खाट पुढं आली. फौजी माणूस, एकदा हुकूम पटला की मागं बघत नाही. सुट्टी संपून तो युनिटला परत गेला तेव्हा तिथूनही व्हिडिओ कॉल करून पोरीशी हातानं बोलायचा, आणि शोभा आपल्याला सांगायची, "आता माजा नंबरच लागंना."

त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, "बाई, हे तुम्ही बोललात?" तुम्ही म्हणालात, "त्यानं माझं वाक्य उचललं होतं. माझ्या तोंडी ते बरं वाटायचं गं. त्याच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर काटा आला." मग लगेच सावरून, "पण तू हुरळून जाऊ नकोस. माझं मत बदललेलं नाही."

नाही बदललं तर नाही बदललं. मला आता तुमच्या मताशी काय करायचंय? शाळा पुन्हा उघडली तेव्हा तुमच्या वर्गात कुणाच्याच हाताची घडी नव्हती, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलं. निवृत्तीला टेकलेलं माणूस साधं घड्याळ घालायचं मनगटसुद्धा बदलत नाही. तुम्ही एका नऊ वर्षांच्या पोरीसाठी आपली सगळी विद्या पुन्हा मांडून बसलात, आरशात बघून हसायला शिकलात, आणि ज्या हातांना जन्मभर अडवलं त्यांनाच कामाला लावलंत. मला तुमचा अभिमान वाटतो, बाई. प्रचंड वाटतो. हे मी लिहितेय कारण तुमच्या तोंडावर मला हे कधीच म्हणता आलं नसतं. तुम्ही विचारलं असतंत, "तू मला प्रमाणपत्र देणार?"

ह्या आठवड्यात मी तुमच्या त्या मुद्द्याचा लय शोध घेतला. भाजी चिरताना, वर्गात, शाळेच्या वाटेवर. तुमच्या बाजूनं जितके मुद्दे मांडता येतील तितके मांडून बघितले. एक-दोन इतके चांगले निघाले की मला त्यांना उत्तर सापडेना. तुमच्या बाजूनं भांडायची वेळ माझ्यावर आणलीत, हे काही बरं केलं नाहीत.

तुम्हाला नेताना सगळ्यांनी तुमच्या पायांना हात लावला. संपतनं मात्र वाकून तळवा तुमच्या गळ्यावर ठेवला. लहानपणी ठेवायचा तसा. तुमच्या नात्यातल्या पाहुण्यांना ते विचित्र वाटलं, कुणीतरी त्याला बाजूला घ्यायला निघालं, तर तुमच्या सुनेनं हात आडवा केला. तो मोठ्यानं म्हणाला, "बाई." अंगणातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. त्यातला "ब" एकदम स्वच्छ होता. मला त्या रडारडीतही वाटलं, आता तुम्ही माझ्याकडे तिरक्या डोळ्यानं बघितलं असतंत.

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. मुख्याध्यापक म्हणाले, चौगुलेबाईंनी कधी कुणाला दुखावलं नाही. मी हे मुलांना हातानं सांगत होते, तर मागच्या बाकावरची मोठी मुलं खुदकन हसली. तासगावहून आनंदा, शोभा आणि कोमल तिघं आली होती. आनंदा आता फौजेतून परत आलाय, बाग बघतो. कोमल बापाच्या खांद्याला लागलीय. सभा संपली, चहा झाला, आणि पटांगणात बाप-लेकीचं जुंपलं. तिला कॉलेजसाठी पुण्याला जायचंय, तो म्हणतो सांगलीत काय कमी आहे. ती हातानं तडतड तडतड बोलत होती, तो मध्येच तिला मूठ दाखवून थांबवत होता, ती काही थांबत नव्हती. शोभा बाजूला बशीतून चहा पीत होती, तिला हे रोजचंच असावं. माझ्या मनात आलं, पुढं हो, समजूत घाल, दोघांच्या मध्ये उभी राहा. इतकी वर्षं तेच तर करत आले. पण ती दोघं माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मुख्याध्यापक जवळ आले. घाबरले होते. "वंदनाताई, काय चाललंय हे? काय म्हणतायत ते?"

"घरातलं बोलणं आहे, सर," मी म्हटलं. "आपण कशाला ऐकायचं?"

हातानं चाललेलं बोलणं ऐकायचं नसेल तर एकच करता येतं, बाई. मी त्या बाप-लेकीकडे पाठ केली.